ठाणे खाडीतले फ्लेमिंगो: कधी बघायचे, फोटो कसे काढायचे?

भिवंडीजवळचं राहनाळ म्हटलं की गोदामं आणि ट्रकच्या रांगा आठवतात. पण इथून फार दूर नसलेल्या ठाणे खाडीत दरवर्षी हजारो फ्लेमिंगो, म्हणजेच रोहित पक्षी उतरतात. 2015 मध्ये खाडीच्या एका भागाला अभयारण्याचा, तर 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कधी जायचं?
साधारण नोव्हेंबर ते मे. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ नक्की बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाण्यासाठी त्यावर पसरतात. बोटीला मात्र पुरेसं पाणी लागतं. त्यामुळे ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात.

कोणता फ्लेमिंगो?
चोच बघा. गडद लालसर चोचीचा, ठेंगणा तो छोटा रोहित. फिकट गुलाबी चोचीचं टोक काळं असेल, तर तो मोठा रोहित. दोघांचाही गुलाबी रंग खाण्यातून येतो.

फोटो कसा काढायचा?
सकाळचं कोवळं ऊन पाठीशी ठेवा. लांब पल्ल्याची लेन्स आणि जलद शटर वापरा. थवा माना वर करून एका दिशेला चालू लागला, की तो बिथरलाय असं समजा आणि तिथेच थांबा.

एवढी काळजी का?
भरतीत चिखल बुडाला की हे पक्षी नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर विसावतात. तिथूनही उठवलं, तर त्यांना टेकायला जागाच उरत नाही. उडणाऱ्या थव्याच्या एका फोटोसाठी त्यांची विश्रांती मोडू नका.