सात डॉलरचा शिपाई

'गुलामगिरी' शिकवताना मी दरवर्षी अर्पणपत्रिकेपाशी थांबतो. 1873 साली जोतिबांनी हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केले. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, त्या लढाईत गुलाम स्वतः काय करत होते?" मला नीट उत्तर देता आले नाही. लिंकनने बेड्या तोडल्या, एवढेच मीही परीक्षेपुरते पाठ केले होते.

ते लढत होते. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1,79,000 काळे शिपाई होते. त्यांतले बहुसंख्य कालपरवापर्यंत कुणाच्या तरी मालकीचे. सुमारे 40,000 मेले, गोळीपेक्षा रोगराईने अधिक. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर. काळ्याला 10, आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापून हाती सात.

मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने हा पगार नाकारला. 18 जुलै 1863 रोजी फोर्ट वॅग्नरच्या तटावर चढून गेली ती हीच पलटण. राज्याने फरकाची रक्कम आपल्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली, तरी त्यांनी ती घेतली नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या एका काळ्या पलटणीतल्या सार्जंट विल्यम वॉकरने नोव्हेंबर 1863 मध्ये आपल्या माणसांसह कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवल्या : बरोबरीचा पगार नाही, तर शिपाईगिरीही नाही. त्याला बंडखोर ठरवून 1864 च्या आरंभी गोळ्या घातल्या. घालणारे त्याच्याच बाजूचे! जून 1864 मध्ये समान पगाराचा कायदा झाला, पण त्यातही मेख होती. युद्धापूर्वी जे स्वतंत्र होते त्यांना भरतीच्या दिवसापासूनचा फरक, जे गुलाम होते त्यांना 1 जानेवारी 1864 पासूनचाच. मुक्तीच्या सैन्यातही 'आधी तू कुणाचा होतास' हे विचारलेच.

आपल्याकडे कोरेगावच्या स्तंभाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, "ते तर कंपनीच्या पगारासाठी लढले." 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले, ते काही कंपनीला मुजरा करायला नव्हे. त्या आक्षेपाला मी आता 54 व्या पलटणीची गोष्ट सांगतो. नुसत्या पैशासाठी लढले असते तर राज्याने देऊ केलेली रक्कम मुकाट्याने खिशात घातली असती. त्यांना तीन डॉलर नको होते. तीन डॉलर कापणारा हात मान्य नव्हता.

या शिपायांची नावे दगडावर यायला फार वेळ लागला. 1897 साली बॉस्टनमध्ये 54 व्या पलटणीचे शिल्प उभे राहिले. घोड्यावर गोरा कर्नल, भोवती चालणारे काळे शिपाई. मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली; काळ्यांची आली ऐंशीच्या दशकात. वॉशिंग्टनला 1998 मध्ये जे स्मारक झाले, त्याच्या भिंतीवर अधिकाऱ्यांसह 2,09,145 नावे आहेत. तिथे वंशज बोट फिरवत आपला माणूस शोधतात.

पण शोधायचे तरी कसे? 1850 आणि 1860 च्या शिरगणतीत गुलामांची नावेच नव्हती. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग एवढेच. मग कामी येतात पेन्शनचे कागद. शिपायाच्या विधवेला लग्न सिद्ध करावे लागे, आणि गुलामाचे लग्न तर कायद्याला ठाऊकच नव्हते. म्हणून शेजारीपाजारी, एकाच मळ्यावर राबलेले म्हातारे साक्षीला येत : लग्न कुणी लावले, कोणते मूल कधी झाले, कोणते विकले गेले. सरकारने हे पैसे वाचवण्यासाठी लिहून घेतले. आज तोच त्या घराण्यांचा इतिहास आहे.

हे वाचल्यावर मी गावी जाऊन आजीची लोखंडी पेटी उघडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात महार रेजिमेंटमध्ये होते. त्यांचे डिस्चार्जचे पुस्तक माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राखाली होते. कुणा कारकुनाने नाव इंग्रजीत असे लिहिले आहे की आजोबांनाही ओळखता आले नसते. पंधरा वर्षे मी लोकांचा इतिहास शिकतो-शिकवतो आहे, आणि हे पुस्तक एकदाही उघडले नव्हते.

ते वर्गात नेले. पोरांनी हातोहात फिरवले. त्या मुलीने पाने उलटली आणि विचारले, "सर, यांना पगार किती होता?"