धनकोंचा कौल आणि कोर्टाची पायरी

गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी गावे खानदेशात चार होती : जळगाव, अमळनेर, धुळे आणि चाळीसगाव. भोंगे बंद झाले. मग कुणाचे किती बुडाले याचे हिशेब कितीतरी वर्षे घराघरांत चालू राहिले. बँकेचे, कापूस व्यापाऱ्याचे, कामगाराचे. धंदा बुडाला की उरलेल्याचे वाटे कोण पाडणार आणि ज्याला तो वाटा पटला नाही त्याने जायचे कुठे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्याचे उत्तर मात्र शंभर वर्षांत पुष्कळ बदलले आहे.

इंग्रजांच्या काळी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी १९०९ चा नादारीचा कायदा होता. बाकीच्या मुलखासाठी, म्हणजे धुळे-जळगावसाठीही, १९२० चा. हे दोन्ही कायदे माणसांच्या नादारीचे, कंपनीच्या नव्हेत. पण त्यांतली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कर्जदाराने तडजोड मांडली आणि धनकोंपैकी संख्येने निम्म्याहून अधिक व रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी ती मानली, तरी काम तिथे संपत नसे. तडजोड वाजवी आहे का, सगळ्या धनकोंच्या हिताची आहे का, हे न्यायाधीश स्वतः पाहत आणि नसेल तर ती नाकारत. रिसिव्हरच्या एखाद्या कृतीने कुणी दुखावला, तर त्याला एकवीस दिवसांत जिल्ह्याच्या गावीच दाद मागता येई.

कंपन्यांसाठी १९१३ चा आणि पुढे १९५६ चा कायदा आला. तिथेही तीन चतुर्थांशांचे माप आणि वर कोर्टाची संमती. कोर्ट किती खोलात शिरे, हे मात्र सांगता येत नसे. १९९६ साली मफतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मंजुरी देताना कोर्ट धंद्याच्या शहाणपणावर अपील ऐकायला बसत नाही. पुढे जे झाले त्याचे बीज इथे आहे.

आपल्या खानदेशचेही एक प्रकरण दिल्लीपर्यंत गेले होते. ते नादारीचे नव्हते, बोनसचे होते, तरी इथे सांगायलाच हवे. जळगावची खानदेश मिल एका बाजूला, राष्ट्रीय गिरणी कामगार संघ दुसऱ्या बाजूला. निकाल १९६० चा. राखीव निधी आम्ही खेळत्या भांडवलात वापरला, त्यावरचा परतावा आधी वजा करा आणि मग बोनसचे बोला, असे गिरणीचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की ताळेबंदात लिहिले म्हणून ते सिद्ध होत नाही. पुरावा द्या आणि कामगारांना तो तपासू द्या. आज जळगावात खानदेश मिल हे नाव पत्त्यात उरले आहे, पण वकिलांच्या पुस्तकात ती गिरणी अजून चालू आहे!

आजारी उद्योगांसाठी १९८५ चा कायदा झाला, त्यातून बीआयएफआर आले. तिथे प्रकरण गेले की वसुली थांबे आणि वर्षामागून वर्षे जात. त्याला कंटाळूनच २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आली. आता कंपनीचे काय करायचे ते धनकोंची समिती ठरवते. समितीत मत कर्ज देणाऱ्यांना, मुख्यतः बँकांना. योजनेला ७५ टक्के मते लागत, ती २०१८ मध्ये ६६ झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये के. शशिधर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की समितीचे व्यापारी शहाणपण कोर्टाने तपासायचे नाही. त्याच वर्षी एस्सार स्टीलच्या निकालाने त्यावर शिक्का मारला. अपील आहे, पण कायद्यात मोजून दिलेल्या मोजक्याच कारणांवर.

मग कोर्टात जाऊन मिळते काय? शेजारच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनचे उदाहरण घ्या. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे; ट्विन स्टारची योजना सुमारे २,९६२ कोटींची. समितीच्या ९५ टक्के मतांनी ती संमत झाली. जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने तिला मंजुरी दिली, पण देता देता म्हटले की हे केस कापणे नव्हे, मुंडण आहे. माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला एक टक्काही येत नव्हता आणि त्यांत बहुतेक छोटे उद्योग. त्यांचे थोडे वाढवा, अशी विनंती न्यायाधिकरणाने केली. विनंतीच, हुकूम करण्याचा अधिकार त्याच्याजवळ नव्हता.

विरोधात मत देणाऱ्यांत आपली बँक ऑफ महाराष्ट्र होती. ती अपिलात गेली. जुलै २०२१ मध्ये स्थगिती मिळाली. पुढे समितीनेच फेरविचाराची तयारी दाखवली आणि जानेवारी २०२२ मध्ये मंजुरी रद्द होऊन योजना परत समितीकडे गेली. कारण ऐका : रक्कम तुटपुंजी, हे नव्हे. विरोधी मत देणाऱ्याला त्याचा किमान वाटा रोख मिळायला हवा. शेअर आणि रोखे पुढे करून भागत नाही, हे कारण! बँकेला दार सापडले ते कायद्याच्या एका कलमातून.

जळगावच्या एमआयडीसीतला एखादा कारखानदार कुणा बड्या कंपनीला माल उधारीवर देतो. ती कंपनी नादारीत गेली तर तो 'व्यवहारी धनको' ठरतो. त्याला समितीत मत नाही. न्यायाधिकरण मुंबईला, अपील दिल्लीला, मुदत तीस दिवसांची. शिवाय २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालाप्रमाणे, मंजूर योजनेत जो दावा नाही तो कायमचा मिटला. दावे मागवणारी जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वृत्तपत्रात छापतात, पण मुख्यतः कंपनीचे कार्यालय ज्या गावी असेल तिथल्या. कार्यालय मुंबईत असेल, तर जळगावात सकाळी पेपर उघडणाऱ्याच्या नजरेला ती पडेलच असे नाही.