जिभेवरचा गुन्हा

भांग आणि मोटार, दोहोंशी माझं नातं दूरचं. भांग आयुष्यात एकदाच घेतली, तीही थंडाई समजून. आणि मोटार मी चालवत नाही, ती माझ्या अंगावर येते. तरीही मेलबर्नला मुलीकडे गेलो आणि या दोहोंच्या इतिहासात अडकलो.

निमित्त शेजारचे आजोबा. पाठीच्या दुखण्यावर त्यांना डॉक्टरांनीच गांजाचं तेल लिहून दिलेलं. रात्री चार थेंब घेतले की सकाळी स्वारी ताजीतवानी! पण मोटार आपली दारात उभी आणि बाजारहाट शेजाऱ्यांच्या जिवावर. "चालवत का नाही?" म्हटलं, तर त्यांनी जीभ बाहेर काढली. मला वाटलं, वेडावताहेत!

मग खुलासा झाला. व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यात गाड्या थांबवून चालकांची लाळ तपासायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यांसमोर एक गृहस्थ 'सापडले'. पुढे प्रयोगशाळेत ते निर्दोष ठरले! २०१६ मध्ये त्याच राज्याने गांजाच्या औषधाला परवानगी दिली. औषध कायदेशीर झालं, लाळ मात्र बेकायदाच राहिली. कारण कायदा विचारी, "अंश आहे का?" झिंग आहे का, हे विचारायचं कामच नाही. झिंग उतरते हो, अंश रेंगाळतो. ब्रिटनने २०१५ मध्ये रक्तातल्या टीएचसीची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम ठरवली. पण सल्ल्याप्रमाणे औषध घेऊन गाडी नीट चालवणाऱ्याला बचावाची वाटही ठेवली.

रस्ते सुरक्षित हवेतच. रस्त्यावरून चालणारा मीच आहे ना! पण प्रश्न नेमका विचारावा. आपल्याकडे १८९३ मध्ये सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने तब्बल ११९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सांगितलं, बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको. १९८५ च्या कायद्याने गांजा-चरसाला धरलं, नुसत्या पानांची भांग व्याख्येतून निसटली. आणि १९८८ चा मोटार वाहन कायदा अमली पदार्थांबाबत विचारतो, गाडी ताब्यात ठेवता येऊ नये इतका अंमल आहे का? प्रश्न अगदी बरोबर! मोजायचं कसं, ते हवालदार जाणे.

१ मार्च २०२५ पासून व्हिक्टोरियातही अशा रुग्णाचा परवाना वाचवायची मुभा न्यायाधीशांना मिळाली. गुन्हा मात्र आहे तिथेच. मुलीने फोनवर सांगितलं, आजोबा रोज सकाळी गाडी पुसतात. चालवायचा धीर अजून होत नाही. पुसायला परवाना लागत नाही.