डाव्यातून उजवा वजा

1931 साली चित्रपट पाहताना ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरला एक गोष्ट खटकली, असे सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाला, आणि आवाज मात्र भलत्याच बाजूच्या ध्वनिक्षेपकातून! त्याच वर्षी डिसेंबरात त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1942 साली रडारच्या चाचणीत विमान कोसळून तो गेला. वय अवघे 38. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळल्या त्या 1958 नंतर.

पण दोनच वाहिन्यांतून पाठीमागचाही आवाज मिळेल का? 1970 च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड हॅफ्लरने दाखवलेली युक्ती गणिताच्या शिक्षकांना आवडावी. मध्यभागी ठेवलेल्या गायकाचा आवाज दोन्ही वाहिन्यांत सारखाच असतो. डाव्यातून उजवा वजा केला, की गायक जातो. उरतो तो मुख्यतः सभागृहाचा घुमारा. हॅफ्लरने जादा स्पीकर दोन्ही वाहिन्यांच्या धन टोकांमध्ये जोडला. वजाबाकी तारांनीच केली!

आम्ही हेच घरच्या संगणकावर ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये करून पाहिले. एका मैफलीच्या स्टिरिओ मुद्रणाच्या वाहिन्या सुट्या केल्या, उजवी उलटी केली आणि दोन्ही मिसळल्या. गायिका जवळजवळ नाहीशी झाली, टाळ्या राहिल्या. हा ट्रॅक सुमारे 20 मिलिसेकंद उशिराने मागच्या स्पीकरवर सोडला. उशीर कशाला? जो आवाज आधी पोचतो, त्याचीच दिशा कान खरी मानतो.

वर्गात जुने मोनो गाणे मात्र घेऊ नका. वजाबाकी शून्य येते, आणि मुले हसतात.