तोच पाय, तोच स्नायू, परत एकदा

शनिवार-रविवारी खेळणाऱ्या मंडळींमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "हॅमस्ट्रिंग गेली रे परत!" यातला 'परत' हा शब्द महत्त्वाचा. पहिल्यांदा स्नायू दुखावला की आपण नशिबाला दोष देतो, दुसऱ्यांदा बुटांना. तिसऱ्यांदा मात्र मित्रांना फोन जातात, "एखादा चांगला फिजिओ माहितेय का?"

गंमत म्हणजे 'यातला चांगला कोण?' हा प्रश्न या व्यवसायाइतकाच जुना आहे. निदान इंग्लंडमध्ये तरी हा व्यवसाय त्या प्रश्नातूनच उभा राहिला.

साल १८९४. लंडनमध्ये मालीश करणाऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्यात खरे किती आणि मालीशच्या पाटीआड भलतेच धंदे करणारे किती, हे कळायला मार्ग नव्हता. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने यावर झोड उठवली आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकांची पंचाईत झाली. तेव्हा ल्युसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनी प्रशिक्षित मालीशकार स्त्रियांची एक संस्था काढली. परीक्षा ठेवली, प्रमाणपत्र ठेवलं आणि नियम केले : डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपचार नाहीत, वर्तमानपत्रात जाहिरात नाही, औषधं विकायची नाहीत. पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे या कामाचं मोल सगळ्यांना पटलं. १९२० साली संस्थेला राजाची सनद मिळाली. आजची 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' ती हीच.

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते खेळासाठी नव्हे, पोलिओमुळे. साथीनंतर लुळ्या पडलेल्या मुलांच्या स्नायूंना पुन्हा कामाला लावणारी माणसं हवी होती, म्हणून मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. 'फिजिओ' हा शब्द घराघरात पोचवला मात्र क्रिकेटने. आधी अली इराणी, मग अँड्र्यू लीपस आणि जॉन ग्लॉस्टर. खेळाडू पडला की बॅग घेऊन धावत येणारा माणूस म्हणजे फिजिओ, असं आपलं समीकरण झालं. दुखलं की धावत यायचं, काहीतरी करायचं आणि खेळाडूला उभं करायचं! आपली अपेक्षा तिथेच चुकीची घडली असं मला वाटतं.

कारण १८९४ च्या प्रमाणपत्राने भोंदू कोण ते कळलं. उपचार बरोबर आहे की नाही, हा प्रश्न बाकीच राहिला. उदाहरण घ्या. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने आपल्या पुस्तकात 'राईस' हा मंत्र दिला : विश्रांती, बर्फ, दाब देणारी पट्टी आणि पाय उंच ठेवणं. जगभरच्या शाळा-क्लबांनी तो पाठ केला. २०१४ साली त्याच मर्किननी लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यामुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. स्वतःचा मंत्र छत्तीस वर्षांनी मागे घ्यायला हिंमत लागते!

मग स्नायू पुन्हा पुन्हा का जातो? मांडीच्या मागचे हे स्नायू पळताना ब्रेकचं काम करतात. पाय झपकन पुढे जातो आणि टेकण्याआधी त्याला आवरायचं असतं. म्हणजे स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो. विश्रांतीने दुखणं जातं, पण ही ताकद परत येत नाही. आपण मात्र दुखत नाही म्हणजे बरं झालं असं धरून मैदानात उतरतो. आधी झालेली दुखापत हाच पुढच्या दुखापतीचा सगळ्यात मोठा धोका मानला जातो, तो उगीच नाही.

२०११ साली डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या संघांना एकच साधा व्यायाम दिला. गुडघ्यांवर उभं राहायचं, साथीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. ना मशीन, ना तेल. व्यायाम करणाऱ्यांत १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो 'परत' होणाऱ्या दुखापतींमध्ये.

आता फिजिओ शोधताना काय बघायचं? पदवी आणि नोंदणी बघाच, ती १८९४ ची शिकवण. पण पुढे जा. पहिल्या भेटीत तो किती प्रश्न विचारतो? आधी कधी, कसं, पळताना की थांबताना? दोन्ही पायांची ताकद ताडून बघतो का? रोज मशीन लावून पंधरा मिनिटांत घरी पाठवतो, की घरी करायचं काम देतो आणि दर आठवड्याला ते वाढवतो? मैदानात परत कधी जायचं हे तारखेवर ठरवतो, की पूर्ण वेगाने पळून दाखवायला सांगून? (कट्कन आवाज आला, मांडी काळीनिळी पडली किंवा चालताच येत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर.)

मालीश वाईट असं मी म्हणत नाही. छान वाटतं! कोल्हापूरच्या तालमीत पैलवान एकमेकांना रगडतातच की. पण रगडून झाल्यावर ते आखाड्यात जोरही मारतात, हे आपण सोयीस्कर विसरतो.

आणखी एक. त्या डॅनिश खेळाडूंनी पहिल्या दहा आठवड्यांनंतरही आठवड्यातून एकदा तो व्यायाम चालू ठेवला होता. आपण दुखणं थांबलं की फिजिओकडे जाणं थांबवतो. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, "दुखायचं थांबल्यावर मी काय करायचं?" याचं नीट उत्तर देणारा माणूस सापडला, तर त्याचा नंबर मलाही कळवा.