वेगाचे यंत्र आणि गावचा रस्ता

डिचोली व पेडणे हे तालुके नव्या काबिजादींत मोडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली गेले. १९२८ मध्ये पोर्तुगालने स्वदेशी वाहने उजव्या बाजूने हाकण्याचा नियम केला; परंतु गोव्याची सरहद्द ब्रिटिश मुलखाला लागून असल्यामुळे येथे डाव्या बाजूची रीतच कायम राहिली. रस्त्याचा नियम शेजाऱ्याकडे पाहून ठरतो, हा त्यातील बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आज तरुणांस टर्बो मोटारींचे वेड आहे. या यंत्राची कल्पना जुनी होय. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट मागितले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावयाची, हे तिचे मर्म. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. १९७७ मध्ये रेनॉल्टने दीड लिटरचे असे इंजिन फॉर्म्युला वन शर्यतीत तीन लिटरच्या इंजिनांसमोर उभे केले; १९७९ मध्ये त्याने पहिला विजय मिळविला.

मात्र एकच गाडी शर्यतीस व रस्त्यास सारखी जुळविणे कठीण. मोठे चक्र वरच्या वेगात भरपूर शक्ती देते, पण खालच्या वेगात उशिरा जागे होते. लहान चक्र लवकर जागे होते, पण पुढे अपुरे पडते. दाब वाढविला की उष्णता वाढते, इंजिन ठोके देऊ लागते व पिस्टन निकामी होण्याचे भय असते. म्हणून जाणता मिस्त्री शक्तीपूर्वी ब्रेक, तेल व शीतनाची व्यवस्था पाहतो.

कायदाही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. १८९ वे कलम सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावण्यास. शर्यतीच्या बंद मार्गावर समोरून कोणी येत नाही. शिरगावच्या वाटेवर मात्र श्री लईराईच्या जत्रेस हाती बेत घेऊन निघालेले धोंड पायी चालत असतात. ज्यास वेगाची हौस आहे त्याने ती बंद मार्गावर अवश्य पुरवावी; गावच्या रस्त्यावर शेजाऱ्याचा जीव हाच पहिला नियम होय, असे आमचे नम्र मत आहे.