एका जनुकाचा प्रवास : जपान ते जालना

कोरेगाव भागातील विद्यार्थ्यांना उसाची लागण नवी नाही. बेण्याची टिपरी पुरली, की तिच्या डोळ्यातून फुटणारा ऊस मूळ उसाचीच प्रतिकृती असतो. यालाच ‘क्लोन’ म्हणतात. संपूर्ण वनस्पतीऐवजी एकाच जनुकाच्या अशा प्रती काढल्या, की ते जनुकाचे क्लोनिंग होते. त्याचा इतिहास शिकवायला कापसासारखे उदाहरण नाही.

१९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या रोगामागे एक जीवाणू आढळला. १९११ मध्ये जर्मन संशोधक बर्लिनर यांनी तसाच जीवाणू पिठातील पतंगाच्या अळीतून वेगळा केला. थुरिंजिया प्रांतावरून त्याला ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’, म्हणजेच ‘बीटी’ हे नाव मिळाले. या जीवाणूतील प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या पेशींना छिद्रे पाडतात.

हे प्रथिन तयार करण्याची कृती ज्यात लिहिलेली आहे, ते जनुक वेगळे कसे काढायचे? १९७३ मध्ये अमेरिकेत कोहेन आणि बॉयर यांनी वाट दाखवली. विशिष्ट जागी डीएनए कापणारे विकर ही कात्री, तुकडे सांधणारे विकर हा डिंक आणि जीवाणूतील प्लाझ्मिड हे डीएनएचे छोटे कडे म्हणजे वाहन. जीवाणू वाढतो, तशा जनुकाच्याही असंख्य प्रती होतात. याच रीतीने १९८१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बीटीच्या जनुकाचे क्लोनिंग झाले. पुढे ते कापसात घातले गेले आणि १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी कापसाची व्यापारी लागवड सुरू झाली.

जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली स्थापन केलेल्या महिको कंपनीने हे जनुक भारतीय कापसात आणले, ते मात्र नेहमीच्या संकराने, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून. २६ मार्च २००२ रोजी अशा तीन संकरित वाणांना केंद्र सरकारच्या समितीने मान्यता दिली. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, ते वाण संकरित असल्यामुळे; जनुकामुळे नव्हे. कोरेगावचा वाघ्या घेवडा स्वपरागसिंचित असल्याने घरचे बी पुन्हा तसेच उगवते. संकरित वाणाच्या पुढच्या पिढीत मात्र गुण विखुरतात.

हिरव्या बोंडअळीवर बीटी प्रभावी ठरला. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. परंतु २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्याचीही तीच गत झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले.

असे का व्हावे? ही अळी प्रामुख्याने कापसावरच जगते. कडेने बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावल्या, तर तेथे विषाला बळी पडणारे पतंग टिकतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो. या ओळी बहुतेक ठिकाणी लावल्याच गेल्या नाहीत. शिवाय फरदड घेतल्याने अळीला महिनोन्‌महिने अन्न मिळत राहिले. प्रतिकारक अळ्या तेवढ्या उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली.

पाठ्यपुस्तकात जैवतंत्रज्ञान आणि उत्क्रांती ही दोन वेगळी प्रकरणे असतात. कापसाच्या शेतात ती एकच आहेत. वर्गातही ती एकत्र शिकवून पाहावीत.